प्राथमिक इयत्तांतील इंग्रजी : व्याकरण व शब्द यांचा सराव

यंदाच्या वार्षिकासाठीं प्राथमिक इयत्तांच्या इंग्रजीविषयीं कांहीं लिहावें, अशी सूचना संपादकांनीं केली तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें प्रथम एक औषधाची डबी उभी राहिली. व्याकरणावरील लेखाचा आरंभ औषधाच्या डबीनें व्हावा हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ती हकीकत ऐकल्यावर आमचें म्हणणें त्यांस पटेल असा भरंवसा आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याकडे चौथ्या इयत्तेंत एक मुलगी होती. बुद्धीनें तरतरीत, अक्षर वळणदार, आणि शब्दार्थ पाठ करण्यांत तर वर्गांत तिचा हात धरणारें कोणी नव्हतें. त्या सहामाहींत आम्हीं शब्दयोगी अव्ययांची एक यादी वहींत उतरून दिली होती : 'इन' म्हणजे आंत, 'अंडर' म्हणजे खालीं, 'आफ्टर' म्हणजे नंतर, 'बिफोर' म्हणजे आधीं. परीक्षेंत तिनें ती यादी एकही चूक न करतां लिहिली आणि आम्हीं तिला दहापैकीं दहा गुण दिले. त्याच सुमारास तिच्या आईस डॉक्टरांनीं एक गोळी सुरू करून दिली होती. डबीवर इंग्रजींत चार शब्दांची चिठ्ठी चिकटविलेली होती : 'वन अवर बिफोर फूड'. घरांत इंग्रजी वाचणारें माणूस म्हणजे ही नऊ वर्षांची मुलगीच. आईनें डबी तिच्यापुढें धरली. मुलीनें शब्दामागून शब्द लाविला. वन म्हणजे एक, अवर म्हणजे तास, बिफोर म्हणजे आधीं, फूड म्हणजे जेवण. 'एक तास आधीं जेवण.' म्हणजे अगोदर जेवावें, आणि तासाभरानें गोळी घ्यावी ! आई बिचारी महिनाभर तसें करीत राहिली. गोळी तर उपाशीपोटीं घ्यावयाची होती. पुढच्या तपासणींत गुण दिसेना, तेव्हां डॉक्टरांनीं खोदून विचारपूस केली आणि उलगडा झाला. देवाच्या दयेनें अपाय कांहीं झाला नाहीं. एक महिना मात्र फुकट गेला.

दुसऱ्या दिवशीं ती मुलगी मधल्या सुट्टींत आमच्याजवळ येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजले होते. "सर, यादींत जसें आहे तसाच मीं अर्थ लाविला होता," इतकेंच ती म्हणाली, आणि वहीचें तें पान तिनें उघडून दाखविलें. पान निर्दोष होतें. त्यावर आमची लाल शाईची सही होती.

तिचा कांहींच दोष नव्हता. प्रत्येक शब्दाचा अर्थ तिला येत होता; शब्द काम कसें करतो हें आम्हीं तिला शिकविलें नव्हतें. मराठींत 'आधीं', 'खालीं', 'नंतर' हे शब्द नामाला शेवटीं जोडले जातात : जेवणाआधीं, टेबलाखालीं, शाळेनंतर. इंग्रजींत तेंच काम करणारे शब्द नामाच्या अगोदर येऊन उभे राहतात. 'बिफोर फूड' हे दोन शब्द मराठींत आणावयाचे तर ते उलट्या क्रमानें घ्यावे लागतात. प्रथम 'फूड', मग 'बिफोर'. जेवणाच्या आधीं. हा क्रम ध्यानांत न घेतां जो डावीकडून उजवीकडे नुसते अर्थ मांडीत जाईल, त्याच्या हातीं पुष्कळदां नेमका उलटा अर्थ लागेल. आणि प्राथमिक इयत्तांत आम्ही शिक्षक मुलांना नेमकें तेंच करावयास लावतों.

त्या दिवसापासून आम्हीं शब्दयोगी अव्ययांची यादी देणें बंद केलें. आतां वर्गांत एक खडू आणि एक रिकामी पेटी घेऊन आरंभ करतों. खडू पेटींत ठेवला कीं मुलें म्हणतात, 'इन द बॉक्स'. खालीं ठेवला कीं 'अंडर द बॉक्स'. दोन्ही शब्द सुटे कधींच उच्चारावयाचे नाहींत. 'अंडर' म्हटलें कीं त्याच्या पाठोपाठ कशाच्या खालीं तें आलेंच पाहिजे. वेळदर्शक शब्दांसाठीं मुळाक्षरांचा उपयोग होतो. 'बी कम्स बिफोर सी' हें वाक्य मुलास सांगितलें आणि विचारलें, "आधीं कोण ?" तर तें क्षणभर थांबतें, मुळाक्षरें मनांत म्हणतें, आणि उत्तर देतें. त्याला 'बी' आधीं येतो हें अगोदरच ठाऊक असतें; म्हणून वाक्याची रचना त्याला आपोआप उलगडते. मग 'आय वॉश माय हँड्स बिफोर डिनर' असें वाक्य द्यावें आणि कृति करून दाखवावयास सांगावें. जो मुलगा आधीं जेवल्याचा अभिनय करील त्याला वर्गच हंसून सुधारतो.

येथें थोडें मागील काळाविषयीं सांगितलें पाहिजे. आमच्या पिढीनें इंग्रजी मुळाक्षरें पांचवींत गिरविलीं. जून २००० पासून महाराष्ट्रांतील मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासूनच इंग्रजी विषय सुरू झाला. ही सुधारणा इष्ट कीं अनिष्ट हा वाद येथें नको. एवढें मात्र खरें कीं, दहा-अकरा वर्षांच्या मुलास नियम सांगितला तर तो त्याला कळतो, कारण तोंपर्यंत मराठीचें नाम, सर्वनाम, क्रियापद त्याला अवगत झालेलें असतें. सहा वर्षांच्या मुलास 'क्रियापद' हा शब्दच परका. त्याच्यापुढें पांचवीचें जुनें व्याकरण लौकर आणून ठेवणें म्हणजे लहान पायांत मोठा जोडा घालण्यासारखें आहे. मूल चालतें, पण जोडा वाटेंत कोठें तरी गळून पडतो.

आतां शब्दांचा क्रम. मराठी वाक्यांत शब्द बरेच मोकळेपणानें हलवितां येतात. 'शेतकऱ्यानें वाघ मारला' म्हणा, नाहीं तर 'वाघ शेतकऱ्यानें मारला' म्हणा, मेला तो वाघच. कारण 'नें' हा प्रत्यय कर्त्याच्या गळ्यांत अडकविलेला आहे आणि शेतकरी वाक्यांत कोठेंही गेला तरी तो त्याच्याबरोबर जातो. इंग्रजी नामांना असे प्रत्यय नाहींत. 'द फार्मर किल्ड द टायगर' यांत मारणारा कोण हें केवळ जागेवरून ठरतें. आम्हीं पुठ्ठ्याचे पांच तुकडे करून प्रत्येकावर एकेक शब्द लिहिला आहे. पांच मुलें ते छातीशीं धरून फळ्यापुढें रांगेनें उभीं राहतात. वर्ग वाक्य वाचतो. मग 'फार्मर' आणि 'टायगर' यांनीं आपापली जागा बदलावयाची. वर्ग पुन्हां वाचतो, आणि शेतकरी मरतो ! हा खेळ दरवर्षीं तितकाच रंगतो. एके वर्षीं एका मुलानें आपण होऊन 'किल्ड'ला अगदीं शेवटीं नेऊन उभें केलें, मराठी वाक्यांत क्रियापद असतें तसें, आणि म्हणाला, "आतां कोण मेलें तें कळतच नाहीं." त्याला जें दिसलें तें आम्ही पाऊण तास बोलून सांगूं शकलों नसतों.

'एस'ची गोष्ट याहून गमतीची आहे. आपलें मराठी क्रियापद पुरुष, लिंग व वचन यांप्रमाणें किती रूपें घेतें तें पाहा : मी खेळतों, तूं खेळतोस, तो खेळतो, ती खेळते, तें खेळतें, ते खेळतात. मुलगी बोलूं लागली तर 'मी खेळतें', 'तूं खेळतेस' हीं आणखी निराळीं. हा सारा पसारा आमचें मराठी मूल तीन वर्षांचें होण्यापूर्वींच सांभाळूं लागतें. इंग्रजींत वर्तमानकाळीं एवढा एकच बदल शिल्लक राहिला आहे : 'ही', 'शी', 'इट' किंवा कोणतेंही एकवचनी नाम कर्ता असलें कीं क्रियापदास 'एस' लावावयाचा. आणि एवढी मोठी ओझीं लीलेनें वाहणारें मूल ह्या एका 'एस'पाशीं ठेंचाळतें !

आम्ही त्यांस एक युक्ति सांगतों. 'एस' एकच आहे आणि बसावयास जागा दोन आहेत. एक नामाच्या शेवटीं, दुसरी क्रियापदाच्या शेवटीं. 'द बॉइज प्ले' यांत तो नामाजवळ बसला, तर क्रियापद मोकळें. 'द बॉय प्लेज' यांत नाम मोकळें, म्हणून तो क्रियापदाजवळ आला. 'द बर्ड सिंग्ज', 'द बर्ड्स सिंग'. 'द बस स्टॉप्स', 'द बसेस स्टॉप'. मुलांना हें पटकन् साधतें. परंतु युक्तीला मर्यादा आहेत हेंही सांगून ठेवावें, नाहीं तर हुशार मूल आपणांस पेंचांत पकडतें. 'द चिल्ड्रेन प्ले' यांत 'एस' कोठेंच नाहीं, असें एका मुलीनें दाखविलें तेव्हां आम्हांस कबूल करावें लागलें कीं, 'चिल्ड्रेन', 'मेन', 'विमेन' हीं जुन्या धाटणीचीं अनेकवचनें आहेत आणि त्यांनीं 'एस'ला कधीं घरांत घेतलेंच नाहीं.

नामाच्या लिंगाचा घोटाळा तितकाच ठरलेला. मराठींत खुर्ची स्त्रीलिंगी, पंखा पुल्लिंगी, टेबल नपुंसकलिंगी. म्हणून 'खुर्ची मोडली' याचें भाषांतर मूल 'शी इज ब्रोकन' असें करतें, आणि पंखा त्याच्या लेखीं 'ही' असतो. येथें रागावण्यासारखें काय आहे ? मूल आपल्या मातृभाषेशीं प्रामाणिक राहिलें आहे. इंग्रजींत निर्जीव वस्तूला 'इट' म्हणतात, असें एकदां हंसून सांगितलें आणि वर्गांतल्या वीस वस्तूंना मुलांकडून 'इट' म्हणवून घेतलें, कीं बहुतेक काम होतें.

'डिड'विषयीं थोडक्यांत. 'मी गेलों नाहीं' ह्या मराठी वाक्यांत भूतकाळ 'गेलों' ह्या क्रियापदांतच आहे, म्हणून मुलें 'आय डिड नॉट वेंट' लिहितात. इंग्रजींत नकार व प्रश्न यांत भूतकाळाचें ओझें 'डिड' घेतो. मग 'गो' पुन्हां आपल्या मूळ रूपांत येतो. एका पिशवीला दोघांनीं कशाला धरावें ? एवढ्यावर भागतें.

'ए' आणि 'द' यांचा प्रश्न आम्हांस पुष्कळ वर्षें अवघड वाटे. मराठींत असे शब्दच नाहींत, असें आम्हीं शिकलों होतों आणि तसेंच शिकवीत होतों. एका संध्याकाळीं घरांतल्या वडीलधाऱ्या बाई नातवंडांस गोष्ट सांगत होत्या : 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या.' आणि आमच्या डोक्यांत प्रकाश पडला. राजा पहिल्यानें आला तेव्हां 'एक'. ओळख झाल्यावर 'तो'. इंग्रज आजीबाईही असेंच सांगेल : पहिल्या वाक्यांत 'ए किंग', दुसऱ्यांत 'द किंग'. हें साम्य सर्वत्र टिकत नाहीं. पण तिसरी-चौथीच्या मुलास आरंभीं धरावयास तें पुरेसें आहे. आतां आम्ही मुलांस त्यांच्या आवडीची मराठी गोष्ट सांगावयास लावतों आणि 'एक' व 'तो' येथें थांबून टाळी वाजवितों. राहिला 'ए' आणि 'ॲन' यांतला भेद. तो अक्षरावर नसून उच्चारावर आहे, हें लक्षांत ठेवावें. 'अवर' ह्या शब्दांत आरंभींचा 'एच' लिहिला जातो पण उच्चारला जात नाहीं, म्हणून 'ॲन अवर'. आणि 'युनिफॉर्म' लिहितांना आरंभीं 'यू' असला तरी कानास 'य' ऐकूं येतो, म्हणून 'ए युनिफॉर्म'. डोळे मिटून म्हणून पाहिल्यास चूक होत नाहीं.

स्पेलिंगकडे वळण्यापूर्वीं आमची आणखी एक चूक सांगतों. एका मुलानें 'फ्रेंड' हा शब्द निबंधांत चार वेळां चुकविला, म्हणून आम्हीं त्याला तो घरून शंभर वेळां लिहून आणावयास सांगितलें. त्यानें आणला. पान पाहून आम्ही चकित झालों : शंभरही वेळां 'ई' अगोदर आणि 'आय' नंतर. विचारतां त्यानें भोळेपणानें सांगितलें कीं, ओळीनें लिहावयास वेळ फार लागतो, म्हणून त्यानें उभ्या रांगांनीं लिहिलें. आधीं शंभर 'एफ', मग शंभर 'आर', मग शंभर 'ई', आणि असेंच पुढें. शब्द असा त्यानें एकदांही लिहिला नव्हता. आमच्या शिक्षेनें चूक पुसली तर नाहींच, उलट पक्की केली.

आतां आम्ही दिवसाला पांचच शब्द देतों. रीत अशी : शब्द नीट पाहावा, मोठ्यानें म्हणावा, हातानें झांकावा, आठवून लिहावा, आणि हात काढून ताडून पाहावा. चुकल्यास चुकलेलें एकच अक्षर रंगीत पेन्सिलीनें दाखवावें. सबंध शब्दावर काट मारूं नये. शब्द गटांनीं दिले तर लौकर बसतात : 'लाइट', 'नाइट', 'राइट', 'फाइट' यांच्या शेवटीं एकच शेपूट आहे. आणि शब्द सुटा न विचारतां वाक्यांत घालून विचारावा, म्हणजे औषधाच्या डबीसारखा प्रसंग ओढवत नाहीं.

"सर, 'नी' म्हणजे गुडघा, तर त्याच्या आरंभीं 'के' कशाला ?" हा प्रश्न दरवर्षीं येतो, आणि तो यावा. 'तसेंच असतें' हें उत्तर देणारा शिक्षक मुलाच्या जिज्ञासेस दार लावतो. खरी हकीकत अशी आहे कीं, एके काळीं इंग्रज लोक तो 'क' उच्चारीत असत. विल्यम कॅक्स्टन यानें १४७६ मध्यें इंग्लंडांत छापखाना आणला, आणि त्यानंतर स्पेलिंगें हळूंहळूं ठरून गेलीं. बोलणें मात्र बदलत राहिलें. कांहीं अक्षरें तर पंडितांनीं मागाहून घुसडलेलीं आहेत. कर्ज या अर्थाच्या 'डेट' शब्दांत पूर्वीं 'बी' नव्हता. तो शब्द मूळ लॅटिन 'डेबिटम्' आहे हें दिसावें म्हणून विद्वानांनीं 'बी' आणून बसविला. 'आयलंड' मधला 'एस' निव्वळ गैरसमजानें, दुसऱ्या एका शब्दाच्या ओढीनें शिरला. हें ऐकून मुलांस मौज वाटते आणि तीं स्पेलिंगें पुन्हां चुकत नाहींत.

इंग्रजीस हंसण्यापूर्वीं आपल्या घरांतही पाहावें. आपण 'ज्ञान' लिहितों आणि 'द्न्यान' म्हणतों. 'सिंह' लिहितों आणि म्हणतांना 'सिंव्ह' म्हणतों. 'चांदणें' आणि 'चित्र' यांतील 'च' एकाच अक्षरानें लिहिला जातो, पण उच्चार दोन. 'कॅट' मध्यें 'सी'चा 'क' होतो आणि 'सिटी' मध्यें 'स' होतो, यांत मग नवल तें काय ? उलट इंग्रजीमुळें आपल्या लिपींतही भर पडली. 'बॅट' आणि 'बॉल' लिहितां यावें म्हणून आपण अर्धचंद्राचीं चिन्हें योजिलीं. आणि ज्या स्वल्पविरामांनीं, पूर्णविरामांनीं हा लेख विरामला आहे, तीं विरामचिन्हेंही इंग्रजी मुद्रणांतूनच मराठींत आलीं. तीं रुळविण्याचें श्रेय मेजर थॉमस कँडी यांस दिलें जातें.

शब्दांपासून शब्द बनविण्याचा सराव मुलांस फार आवडतो. 'टीच' पासून 'टीचर', 'फार्म' पासून 'फार्मर', 'सिंग' पासून 'सिंगर'. मराठींत 'शहाणा' पासून 'शहाणपण', 'दयाळू' पासून 'दयाळूपणा' होतो तसाच इंग्रजींत 'काइंड' पासून 'काइंडनेस'. पण येथेंही मुलाच्या तर्कशुद्धतेस इंग्रजी दाद देत नाहीं. एका चिमुरड्यानें आईविषयीं लिहिलें होतें, 'माय मदर इज ए गुड कुकर'. त्याचा नियम बिनचूक होता. परंतु इंग्रजींत स्वयंपाक करणाराही 'कुक'च आणि 'कुकर' हें भांडें ! आम्हीं तें वाक्य न खोडतां खालीं सुधारून लिहिलें, आणि त्याच्या आईस दाखविलें. ती म्हणाली, "शिट्टी तर मीही मारतें कीं रोज, सर, त्याला उठवायला."

शब्दांच्या वंशावळींत एक शब्द आम्ही कधीं वगळीत नाहीं, तो 'मंगूस'. अनेकवचनाचा पाठ चालूं असतांना 'गूस' चें 'गीस' होतें असें सांगितल्यावर कोणी तरी 'मंगूस' चें 'मंगीस' करतेंच. तसें होत नाहीं, 'मंगूसेस' होतें. कारण हा शब्द इंग्रजांच्या घरचा नव्हेच. तो आपल्या मराठी 'मुंगूस' पासून गेला आहे, आणि 'गूस' शीं त्याचें कांहीं एक नातें नाहीं. 'जंगल', 'बंगलो', 'कॉट' हेही शब्द आपल्या देशांतूनच तिकडे गेले. 'कॉट' म्हणजे आपली खाट. इंग्रजी ही कोणी भीतिदायक परकी बाई नसून आपल्याकडून उसनें नेणारी शेजारीण आहे, असें कळल्यावर मागच्या बांकावरील मुलेंही मान वर करतात.

आतां पालकांस दोन शब्द. गेल्या वर्षीं एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांनीं तिसरींतील मुलासाठीं रेन आणि मार्टिन यांचें जाडजूड व्याकरण आणलें होतें, आणि मुलगा रोज त्याचें एक पान पाठ करील अशी त्यांची इच्छा होती. पुस्तक उत्तम आहे. १९३५ मध्यें तें प्रथम निघालें, आणि त्याच्या कर्त्यांपैकीं पी. सी. रेन हे तर एके काळीं मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यांत नोकरीस होते. पण त्याच्या नांवांतच 'हायस्कूल' हा शब्द आहे. त्या सद्गृहस्थांस आम्हीं विनंति केली कीं, तें पुस्तक चार-पांच वर्षें फडताळांत ठेवावें. ते थोडे हिरमुसले. त्यांचा हेतु चांगला होता. आपल्याला जें मिळालें नाहीं तें मुलास मिळावें यासाठीं त्यांनीं खर्च केला होता. अशा बापाला नाहीं म्हणणें सोपें नसतें.

पुष्कळ आईबाप म्हणतात, "आम्हांला इंग्रजी येत नाहीं, आम्ही मुलांचा अभ्यास काय घेणार ?" आमचा अनुभव असा कीं, ज्या कामाची घरीं खरी जरूर आहे त्याला इंग्रजी यावें लागत नाहीं. मुलानें इंग्रजी वाक्य वाचलें कीं त्याला एवढेंच विचारावें : "म्हणजे काय झालें ? आपल्या भाषेंत नीट सबंध सांग." शब्दाला शब्द लावून तुटक उत्तर आलें तर मान्य करूं नये; "असें कोणी बोलतें का ?" असें विचारावें. 'एक तास आधीं जेवण' असें मराठींत कोणी बोलत नाहीं. त्या माउलीनें मुलीस हा एक प्रश्न विचारला असता, तर पोर अडखळली असती, पुन्हां वाचलें असतें, कदाचित् शेजारीं जाऊन विचारलें असतें. पण इंग्रजी म्हणजे असेंच कांहीं तरी वेडेंवांकडें असावयाचें, अशी आईची समजूत होती. आणि ती समजूत मुलीच्या वह्या पाहून झाली होती. त्या वह्या आमच्या होत्या.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठीं तीन वाक्यें देतों. घरीं बसून त्यांचा अर्थ सबंध मराठी वाक्यांत लिहा, आणि प्रत्येक ठिकाणीं आधीं काय घडलें तें सांगा. 'वी प्रे बिफोर क्लास.' 'आफ्टर द रेन, द बॉइज प्ले.' 'बिफोर शी स्लीप्स, सीता रीड्स ए बुक.' तिसऱ्यांत सावध राहा : वाक्यांत झोप प्रथम आली आहे, पण पुस्तक आधीं वाचून झालें आहे. उत्तरें वर्गांत आणून दाखवावीं. पाठ करून आणूं नयेत.

ती मुलगी आतां वरच्या इयत्तेंत आहे. मध्यंतरीं तिच्या घरीं जाण्याचा योग आला. कपाटांत तीच गोळ्यांची डबी होती. इंग्रजी चिठ्ठीच्या खालीं मुलीनें आपल्या वळणदार अक्षरांत कागदाचा दुसरा तुकडा चिकटविला होता : 'आधीं गोळी. मग एक तास. मग जेवण.'